टायरची झीज आणि टायरची निवड

मोटारसायकलचे चाक रस्त्याला जेथे टेकते, ती जागा तळहाताहून मोठी नसते. वाहनाचा वेग वाढवणे, तो रोखणे आणि वाहन वळवणे ही सारी कामे पुढच्या व मागच्या अशा दोन तळहातांएवढ्या रबराकडून करून घेतली जातात. रोजच्या रहदारीत याचा विसर पडला तरी बहुधा निभावून जाते. बंदिस्त ट्रॅकवर मात्र तसे होत नाही.

चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे आणि २०११ मध्ये सुरू झालेले ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हे भारतातील प्रमुख ट्रॅक होत. अशा ठिकाणी ठरावीक शुल्क भरून सामान्य चालकांना स्वतःची मोटारसायकल चालवता येते. या दिवसाला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. तेथे शर्यत नसते, समोरून येणारे वाहन नसते आणि रस्त्यात गुरेढोरेही नसतात. त्यामुळे चालक आपल्या वाहनाकडून रस्त्यावर कधीच घेतले नसते इतके काम घेतो. पुष्कळ जण ज्या मोटारसायकलवरून येतात, तिच्यावरूनच संध्याकाळी घरी परततात. टायरच्या निवडीचा प्रश्न नेमका येथे निर्माण होतो.

४० मीटर त्रिज्येचे एखादे वळण ताशी ७२ किलोमीटर वेगाने घ्यावयाचे आहे, असे समजू. त्या वेळी टायरला जे आडवे बल पेलावे लागते, ते जवळजवळ वाहन व चालक यांच्या एकत्रित वजनाइतके असते. तोल राखण्यासाठी वाहन सुमारे ४५ अंशांनी कलवावे लागते. त्याच वळणावर वेग दुप्पट करावयाचा झाल्यास बल चौपट लागेल, आणि तेवढे बल कोणताही टायर देऊ शकणार नाही.

हे बल रबर कसे पेलते? घर्षण स्पर्शक्षेत्राच्या आकारावर अवलंबून नसते, असे शाळेत शिकवले जाते. परंतु रबर हा नियम पुरता पाळत नाही. ते दोन प्रकारे रस्ता धरते. एक तर त्याचे रेणू पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. दुसरे असे की, खडीच्या बारीक उंचवट्यांवर ते दबते आणि पुन्हा फुगते. दबताना खर्च झालेली सगळी शक्ती फुगताना परत मिळत नाही. उरलेली उष्णतेच्या रूपाने रबरातच राहते. म्हणजे जे रबर चांगले धरते, ते तापतेही. थंड रबर कडक असल्यामुळे खडीच्या खाचखळग्यांत शिरत नाही. फाजील तापलेले रबर दुबळे होऊन फाटू लागते. या दोहोंच्या मधला तापमानाचा जो पट्टा, तोच त्या टायरचे कार्यक्षेत्र होय. प्रत्येक मिश्रणाचा पट्टा वेगळा असतो.

टायर कसा वापरला गेला, हे त्याच्या झिजेवरून वाचता येते. सरळ महामार्गावर चालणाऱ्या टायरचा मधला भाग झिजून सपाट होतो. असे वाहन वळणात कलताना सपाट भागाच्या कडेवरून एकदम घसरल्यासारखे खाली जाते आणि चालक दचकतो. ट्रॅकवर याउलट दोन्ही खांदे झिजतात. पृष्ठभागावर वाळूतल्या लाटांसारख्या बारीक वळ्या उमटल्या असतील, तर बहुधा टायर पुरेसा तापण्याआधीच त्याच्यावर भार पडला, असे समजावे. फोड आलेले दिसले, तर आतील रबर मर्यादेबाहेर तापले आहे.

झीज केवळ चालकावर नव्हे, तर ट्रॅकवरही अवलंबून असते. याचे बोलके उदाहरण २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड येथे पाहावयास मिळाले. हा मार्ग घड्याळाच्या उलट दिशेने जातो आणि त्याच्या १२ वळणांपैकी ७ डावी आहेत. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेपूर्वी तेथे नवे डांबरीकरण झाले होते. त्याची पकड उत्तम होती, पण त्यामुळेच मागचे टायर असह्य तापू लागले. २७ फेऱ्यांची शर्यत १९ फेऱ्यांवर आणण्यात आली आणि कोणताही टायर १० फेऱ्यांपेक्षा अधिक वापरू नये, असा नियम झाला. प्रत्येकाला मध्येच थांबून मोटारसायकल बदलावी लागली. गुणतक्त्यात आघाडीवर असलेल्या मार्क मार्केझला मर्यादा ओलांडल्याबद्दल बाद ठरवण्यात आले. जगातील उत्तम टायरसुद्धा विशिष्ट परिस्थितीसाठीच उत्तम असतो, हा या घटनेचा धडा होय.

तेव्हा सर्वांत मऊ टायर तो सर्वांत चांगला, हा समज सोडला पाहिजे. शर्यतीचे खाचविरहित टायर सुमारे ८० अंश सेल्सियसपर्यंत विद्युत वेष्टणात तापवून मगच ट्रॅकवर आणतात. ती ऊब टिकवण्याइतका वेग नवशिक्याजवळ नसतो. त्याच्या हाती ते टायर थंड होतात आणि पहिल्याच मोठ्या वळणावर दगा देऊ शकतात. शिवाय खाचा नसल्यामुळे ओल्या रस्त्यावर ते पाणी बाहेर सारू शकत नाहीत, आणि सार्वजनिक रस्त्यासाठी ते बनवलेलेही नसतात. वर्षातून दोन-चार वेळा ट्रॅकवर जाणाऱ्यास मध्यभागी टणक व खांद्यांवर मऊ असे दुहेरी मिश्रणाचे, रस्त्यासाठी बनवलेले स्पोर्ट टायर अधिक उपयोगी पडतात. मऊ मिश्रणाचा विचार वेग खरोखर वाढल्यावर करावा.

हवेच्या दाबाचे महत्त्व निवडीइतकेच आहे. ३० अंश तापमानाला दर चौरस इंचास ३० पौंड दाबाने भरलेली हवा ७० अंशांपर्यंत तापली, तर तो दाब सुमारे ३६ पौंड होतो. दाब वाढला की स्पर्शक्षेत्र आक्रसते. म्हणून ट्रॅकवर उतरण्यापूर्वी उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे दाब कमी करतात आणि फेऱ्या संपताच, टायर गरम असतानाच, तो पुन्हा मोजतात. मनमानीने फार हवा काढली, तर टायरच्या भिंती अतोनात वाकून तो अधिकच तापतो.

टायरचे वयही पाहिले पाहिजे. बाजूवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत असल्या तरी जुने रबर कडक झालेले असते.

संध्याकाळी ट्रॅक रिकामा होतो आणि चालक घराकडे निघतो. दिवसभर खांद्यांवर झिजलेला टायर मधोमध पाहिला तर नवाच भासतो. म्हणून निघण्यापूर्वी वाहन उभे करून दोन्ही कडा हाताने तपासणे आणि हवा पुन्हा रस्त्याच्या मापाने भरणे आवश्यक असते. परतीच्या वाटेवर अवचित पाऊस येईल, वळणावर वाळू पडलेली असेल. तेव्हाही आधार त्याच दोन तळहातांएवढ्या रबराचा असतो.