कल्पित संघ, खरी निष्ठा

अमेरिकेत बेसबॉलच्या वेडाला तोटा नाही. परंतु त्या वेडाच्या पोटी जन्मलेला एक खेळ असा आहे, की तो मैदानावर खेळलाच जात नाही. त्याला फँटसी बेसबॉल म्हणतात. आपल्याकडे क्रिकेटच्या निमित्ताने असा प्रकार माहीत झाला तो बहुतांशी एका सामन्यापुरता, संध्याकाळी संघ लावावा आणि रात्री विसरून जावा असा. मूळचा प्रकार तसा नव्हे. तो सहा महिन्यांचा संसार आहे, आणि जुने लोक एकदा मोडून पुन्हा मांडतात तोही हाच. ते का परततात, हा या लेखाचा विषय.

प्रथम खेळाची रीत पाहू. हंगामाच्या तोंडावर दहाबारा मित्र एका टेबलाभोवती बसतात आणि खऱ्याखुऱ्या व्यावसायिक खेळाडूंचा लिलाव पुकारतात. रूढ नियमानुसार प्रत्येकाजवळ २६० डॉलर आणि भरायच्या जागा २३. एकावरच सारी पुंजी उधळली तर उरलेल्या जागी एकेका डॉलरचे गडी घ्यावे लागतात. मग हंगाम सुरू होतो. खरा प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, आणि आपल्या यादीतला गडी मैदानावर जे करील ते आपल्या खाती जमा होते. मूळ नियमांत आठ रकाने होते : फलंदाजांची सरासरी, होमरन, धावा घडवून आणणे, बेस चोरणे, आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरांचे चार. प्रत्येक रकान्यात दहा जणांत पहिला आला त्याला दहा गुण, शेवटल्याला एक. बेरीज ज्याची मोठी, तो विजेता. पहिल्या मंडळींत विजेत्याच्या डोक्यावर 'यू-हू' नावाचे चॉकलेटचे पेय ओतण्याची प्रथा होती. सत्काराची ही रीत आपल्या स्नेहसंमेलनात कोणी सुरू करू नये, एवढीच विनंती!

हा खेळ रचला डॅनियल ओक्रेंट या संपादक-लेखकाने. न्यूयॉर्कमधील 'ला रोटिसरी फ्रान्सेझ' या उपाहारगृहात त्याने तो मित्रांपुढे मांडला, म्हणून त्याचे नाव 'रोटिसरी' पडले. पहिला लिलाव १९८० च्या एप्रिलमध्ये झाला. पण बीज जुने होते. १९६० साली विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने हार्वर्ड विद्यापीठात असाच एक प्रकार सुरू केला होता आणि त्याला नाव दिले होते 'बेसबॉल सेमिनार'. पुढे मिशिगन विद्यापीठात तो चालू राहिला, आणि त्यात भाग घेणारे एक प्राध्यापक, रॉबर्ट स्क्लार, हे ओक्रेंटचे शिक्षक. प्राध्यापकांच्या चर्चासत्रातून काही निष्पन्न होत नाही असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी. १९८१ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे सुमारे पन्नास दिवस मैदाने ओस पडली. लिहायला सामने नाहीत म्हणून क्रीडा पत्रकारांनी या घरगुती खेळावर लिहिले आणि तो देशभर पोहोचला. गंमत म्हणजे ओक्रेंटला स्वतःची स्पर्धा कधीच जिंकता आली नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक धागा दिसेल. कादंबरीकार जॅक केरुअ‍ॅक याने लहानपणी पत्त्यांवर खेळायचा एक बेसबॉल रचला होता. त्यात मोटारींच्या नावांचे संघ, मनातले खेळाडू, त्यांच्या वह्या आणि वार्तापत्रे. मोठेपणी नाव झाले तरी त्याने तो सोडला नाही, मात्र लेखक मित्रांपासून लपवून ठेवला. रॉबर्ट कूव्हरच्या १९६८ च्या कादंबरीत हेन्री वॉ नावाचा हिशेबनीस रात्ररात्र फासे टाकून एक अख्खे बेसबॉल-विश्व चालवतो. फाशांच्या नियमाने त्याचा लाडका तरुण पिचर चेंडू लागून मरतो आणि हेन्री खराच कोसळतो. या दोघांचे खेळाडू काल्पनिक होते. फासे पुन्हा टाकण्याचा मोह त्यांना होऊ शकत होता. रोटिसरीवाल्याला ती सोय नाही. त्याचा संघ कल्पित, पण माणसे खरी.

आणि इथेच निष्ठेचा पेच पडतो. बेसबॉलचा चाहता एका संघाचा असतो, बहुधा जन्मभर. लिलावात मात्र निष्ठा हा तोट्याचा धंदा आहे. आपल्या लाडक्या संघाचा गडी पुकारला की चाहता दोन डॉलर चढ्या भावाने बोलतो. भोवतालच्यांना ते ठाऊक असते. ते मुद्दाम बोली वाढवतात. शहाणा खेळणारा म्हणून शत्रूच्या संघातलाच गडी स्वस्तात पाहतो.

माझे मामा १९८७ मध्ये न्यूजर्सीला गेले. कचेरीतल्या सहकाऱ्यांमुळे ते न्यूयॉर्क मेट्सचे भक्त झाले आणि त्यांच्यातच रोटिसरी खेळू लागले. १९९९ साली त्यांच्या यादीत चिपर जोन्स होता. हा अटलांटा ब्रेव्ह्जचा, म्हणजे मेट्सच्या हाडवैऱ्यांचा. सप्टेंबरमध्ये मेट्स अवघ्या एका सामन्याने मागे असताना अटलांटात तीन सामने झाले. जोन्सने त्या तीन सामन्यांत चार होमरन ठोकले आणि मेट्स तिन्ही हरले. "वहीत चार होमरन जमा आणि घरात सुतक," असे मामा अजून सांगतात. त्यांना खटकले ते हरणे नव्हे. दुसऱ्या होमरनला आपण खुर्चीतून आनंदाने उठलो, हे. त्या हिवाळ्यात त्यांनी खेळ सोडला. पुढल्याच वर्षी मेट्स अंतिम मालिकेत पोहोचले आणि यँकीजकडून हरले. मामांनी ते दुःख निर्भेळ भोगले.

मग तेवीस वर्षे त्यांनी वही उघडली नाही. २०२३ च्या वसंतात जुन्या मंडळींपैकी एक जण वारला, टेबलाशी एक जागा रिकामी झाली, आणि फोन आला. मामा तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर. ती अट त्यांनी स्वतःलाच घातली : ब्रेव्ह्जचा गडी घ्यायचा नाही.

अट महाग पडली. त्या वर्षी बेस आकाराने मोठे झाले, पिचरला चेंडू टाकण्यास वेळेची मर्यादा आली, आणि बेस चोरणे एकदम सोपे झाले. आदल्या हंगामात २४८६ बेस चोरले गेले होते, या हंगामात ३५०३. मामांच्या डोक्यात भाव जुने. त्यात रोनाल्ड अकुन्या हे नाव पुकारले गेले तेव्हा ते हाताची घडी घालून गप्प बसले. अकुन्या ब्रेव्ह्जचा. त्याने ४१ होमरन मारले आणि ७३ बेस चोरले. एका हंगामात चाळीस आणि सत्तर हा मेळ पूर्वी कोणाला साधला नव्हता. मामा दहात नववे आले.

मी त्यांना विचारले, "मामा, मग परत गेलात कशाला?" ते म्हणाले, "अरे, नुसता मेट्सचा सामना बघतो तेव्हा मी एकच संघ बघतो. वही उघडली की पिट्सबर्गचा सातव्या क्रमांकाचा फलंदाज काल काय करून गेला तेही मला ठाऊक असते. त्याच्याकडे दुसरे कोण बघते?"

मला यात उत्तर सापडल्यासारखे वाटते. परतणारा चाहता जिंकण्यासाठी परतत नाही, आणि त्याची निष्ठा संघबदलूही नसते. तिची तऱ्हा वेगळी : रोज सकाळी उठून शेकडो माणसांच्या कामाची दखल घेणे, त्यांत नावडतेही आले. टीकाकार म्हणतात की या खेळाने माणसांचे आकडे केले. काही खेळणाऱ्यांबाबत ते खरेही असेल. पण २०२४ च्या मे महिन्यात धावता धावता अकुन्याचा गुडघा निकामी झाला आणि त्याचा हंगाम संपला, तेव्हा मी मामांना फोन केला. वाटले, खूष असतील. आता प्रतिस्पर्ध्याचा कणा मोडला होता. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "२०२१ ला उजवा गेला होता रे. हा डावा."