उन्हाळ्यात जा, आणि पाऊस हुकलेल्या वर्षी तर जाच



मूल्यमापनाच्या कामावर तुझी नेमणूक झाली, फार बरं वाटलं. हवामान बदलाशी गावानं जुळवून घेतलं की नाही हे मोजायचं कशानं, असं तू फोनवर विचारलंस. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. माझी हयात पाणलोटाच्या कामात गेली. त्यातून जे हाती लागलं ते सवडीनं लिहून पाठवतेय.

आधी एक अडचण समजून घे. धूर कमी केला, झाडं लावली, तर कार्बन टनात मोजता येतो. बीडमधला टन आणि ब्राझीलमधला टन सारखाच. जुळवून घेण्याला असं एक माप नाही. 2015 च्या पॅरिस करारात त्याचं जागतिक उद्दिष्ट घातलं, 2023 मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत पाणी, अन्न, आरोग्य असे विषय नेमून दिले. तरी कोणते आकडे धरायचे यावरची चर्चा तिथेच संपली नाही. तुला तालुक्यात काम करायचं आहे, त्यामुळे त्या चर्चेत फार अडकू नकोस. प्रश्न एवढाच धर: पाऊस हुकला त्या वर्षी, गावातल्या सगळ्यात कमकुवत घराचं काय झालं?

तुला कार्यालयातून जो तक्ता मिळेल त्यात सलग समतल चर किती मीटर, सिमेंट नाला बांध किती, शेततळी किती, प्रशिक्षणं किती, असे रकाने असतील. ते भरावे लागतात, भर. पैसा कुठे गेला हे त्यातून कळतं. गाव दुष्काळाला किती टिकलं, हे त्यातून कळत नाही. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानाचं घे. डिसेंबर 2014 मध्ये ते सुरू झालं, कामांचे आकडे लाखांत गेले, साडेनऊ हजार कोटींवर खर्च झाला. 2020 मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, त्यात म्हटलं होतं की गावांची पाण्याची गरज भागवण्यावर आणि भूजल पातळी वाढवण्यावर याचा फारसा परिणाम दिसत नाही. त्यावरून दोन्ही बाजूंनी खूप बोललं गेलं. मला त्यातून एकच शिकवण महत्त्वाची वाटते. बांध मोजणारे हजारो लोक होते, पण कामाच्या आधी गावच्या विहिरींना उन्हाळ्यात किती पाणी असायचं याची नोंद किती गावांनी ठेवली होती?

म्हणून आधीची नोंद जीव तोडून मिळव. काम सुरू होऊन गेलं असेल तरी धीर सोडू नकोस, कागद सापडतात. टँकरच्या खेपांच्या नोंदी तहसीलमध्ये असतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. तुझ्या गावाजवळची निरीक्षण विहीर कोणती ते शोध. आणि दूध संकलन केंद्राची वही सोडू नकोस. त्या वहीइतका प्रामाणिक कागद खेड्यात दुसरा नाही, कारण तिच्यावर पैसे मिळतात. सकाळ-संध्याकाळ नावानिशी लिटर लिहिलेले असतात. चांगल्या वर्षाचा मे आणि दुष्काळी वर्षाचा मे शेजारी ठेव. कोणाचं दूध निम्म्यावर आलं, कोणाचं नाव एप्रिलनंतर गायबच झालं, हे नजरेला पडेल. गायब झालेल्या नावांच्या घरी जा. गाय विकली असेल तर कोणत्या बाजारात, कितीला, आणि तीच गाय पावसाळ्यानंतर घ्यायची तर कितीला पडली, हे विचार. त्या दोन किमतींतला फरक त्या घरानं दुष्काळाला भरलेला दंड आहे. प्रकल्पामुळे तो दंड कमी झाला का, हे तुझ्या अहवालात यायला हवं.

आता विहीर. पाणी कितीवर आहे असं विचारलं तर लोक परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतात, ‘चार परसावर आहे’. ऐकून घे, पण मोज टेपनेच. कठड्यावर एका जागी ऑइलपेंटची खूण कर आणि दर वेळी त्याच खुणेवरून टेप सोड. कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा कर, नाहीतर कठडा बांधलेल्या आणि न बांधलेल्या विहिरींची तुलना फसते. मोटार बंद होऊन किती वेळ झाला ते आधी विचार. कृषीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रभर उपसा झालेल्या विहिरीचं सकाळचं पाणी म्हणजे भूजल पातळी नाही. वीज येण्याच्या आधी, विहिरीतलं पाणी स्थिरावलेलं असताना माप घे. तेवढ्यासाठी गावात मुक्काम करावा लागला तरी कर.

पातळी वाढली तर लगेच आनंदू नकोस. आधी पाऊस बघ. भरपूर पाऊस झालेल्या वर्षी बिनकामाच्या गावातही विहिरी तुडुंब असतात. 2018 मध्ये पावसानं दगा दिला, राज्यानं 151 तालुके दुष्काळी जाहीर केले. त्या वर्षीची पातळी आधीच्या ओल्या वर्षाशी ताडून काम फसलं म्हणणं जितकं चुकीचं, तितकंच ओल्या वर्षावरून यश मिरवणंही चुकीचं. सारख्या पावसाची दोन वर्षं शोध, एक कामाआधीचं, एक नंतरचं. आणि पाऊस महसूल मंडळाच्या हवामान केंद्राचा घेतलास तर ध्यानात ठेव, केंद्राच्या गावी पडलेला पाऊस तुझ्या शिवारात पडलेला असेलच असं नाही. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसव आणि नोंद पोरांकडून ठेवून घे. हिशेब सोपा आहे: हजार हेक्टरच्या शिवारावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक कोटी लिटर पाणी. सातवीच्या मुलांना हे गणित आवडतं आणि ती घरी जाऊन बापाला सांगतात.

शेजारचं एक गाव धर, तशीच जमीन, तसाच पाऊस, पण प्रकल्प नाही. तिथेही तेच मोज. तुझ्या गावात मात्र रोजगार हमीचे बांध, कृषी खात्याची शेततळी, एखाद्या संस्थेचं पाणलोट, सगळं एकावर एक झालेलं असणार, आणि विहिरीला आलेलं पाणी प्रत्येक जण आपल्या अहवालात आपलं म्हणून लिहिणार. तू ‘या सगळ्यांचं मिळून’ असं लिही.

सगळ्यात सावध राहायचं ते इथे. ज्याला यश म्हणून दाखवलं जातं, तेच कधी पुढच्या दुष्काळाचं बी असतं. शेततळ्याचंच बघ. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल शेततळं, बाजू उतरत्या धरल्या तर साधारण 22 लाख लिटर पाणी धरतं. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात आलं तर सोन्याहून पिवळं. पण प्लास्टिकचा कागद अंथरून बोअरचं पाणी उपसून तळं भरलं, तर काय झालं? सगळ्या गावाचं जमिनीखालचं, सावलीतलं पाणी एका माणसानं वर आणून उन्हात ठेवलं. उन्हाळ्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडालं तरी त्या एका तळ्यातून रोज नऊ हजार लिटर वाफ होऊन जातं. रकान्यात मात्र ते ‘एक शेततळं, पूर्ण’ असंच लागतं. म्हणून प्रत्येक तळ्यावर जा आणि पाणी कुठून येतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. पाइप बोअरच्या दिशेनं गेलेला दिसला तर ती नोंद वेगळ्या रकान्यात कर. रकाना नसेल तर पाड.

बागायत क्षेत्र वाढलं हेही असंच दुधारी. 2012-13 च्या दुष्काळात जालना भागात मोसंबीच्या बागा वाळताना आम्ही पाहिल्या. लोकांनी कर्ज काढून टँकरनं पाणी घातलं, शेवटी कुऱ्हाड लावली. ज्वारी गेली तर एक हंगाम जातो, बाग गेली तर वर्षानुवर्षांची कमाई जाते. पाणी वाढलं की लोक जास्त पाण्याच्या पिकाकडे वळतात, त्यात त्यांचा दोष नाही, भाव तसे आहेत. पण मग गाव दुष्काळाला जास्त टिकाऊ झालं की जास्त नाजूक, हे तुला तपासावंच लागेल. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार मला यासाठी मोलाचं वाटतं. पोपटराव पवारांच्या गावानं बांधबंदिस्ती तर केलीच, पण शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि पावसाचा ताळेबंद मांडून त्या वर्षी कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं, असे नियम पाळले. 2018 पासून जागतिक बँकेच्या कर्जातून पोकरा हा हवामान बदलाशी जुळवून घेणाऱ्या शेतीचा प्रकल्प आला. त्यातही गावागावाचे पाण्याचे ताळेबंद मांडले गेले. ताळेबंद कागदावर असणं एक आणि त्याप्रमाणे पीक बदलणं दुसरं. तुझ्या गावात पाऊस कमी पडला त्या वर्षी रब्बीचं क्षेत्र खरंच कमी केलं का, ते गावाच्या पीकपेऱ्यात बघ आणि शिवारात फिरून ताडून घे.

लोकांना विचारताना ‘प्रकल्पाचा फायदा झाला का?’ हा प्रश्न तोंडातून काढूच नकोस. पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही, आणि पुढच्या योजनेत नाव राहावं असंही प्रत्येकाला वाटतं. ‘गेल्या चैत्रात पाणी कुठून आणलं? किती खेपा? सोबत कोण गेलं? पोरगी शाळेत होती का त्या दिवसांत?’ असं विचार. सरपंचांच्या ओसरीवर विचारू नकोस, हापशापाशी किंवा भाकरी थापताना चुलीपाशी बसून विचार. दलित वस्तीत, पारधी पालावर, गावकुसाबाहेरच्या प्रत्येक घरी आधी जा आणि चावडीवर नंतर. माथ्यावर चराईबंदी झाली की पायथ्याच्या विहिरींना पाणी येतं, हे खरंच आहे. पण माथ्यावर जिची शेरडं चरायची, त्या भूमिहीन बाईनं ती विकली का, आणि तिच्या वाट्याला त्या पाण्यातलं काय आलं, हे मोजल्याशिवाय तुझा आकडा अर्धाच आहे.

आणखी एक खूण मराठवाड्यात फार बोलकी आहे, ती म्हणजे उचल. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतात. दर साल ठरलेली जोडपी जातातच, ती वेगळी धर. पाऊस हुकल्यावर नव्यानं किती कोयते, म्हणजे जोडपी, गेले, पोरांना सोबत नेलं की आजीकडे ठेवलं, सोनं गहाण पडलं का, मुलीचं लग्न लवकर उरकलं का, हे हळुवार विचार. घाई करू नकोस. पहिल्या भेटीत कोणी सांगत नाही.

कधी जायचं हेही महत्त्वाचं. साहेबांच्या भेटी ऑक्टोबर-नोव्हेंबरला ठरतात, नाले वाहत असतात, फोटो छान येतात. तू एप्रिलच्या शेवटी, मे महिन्यात जा. प्रकल्प संपल्यावर दोन-तीन वर्षांनी पुन्हा जाण्याची तरतूद आत्ताच अंदाजपत्रकात मागून घे. तेव्हा बांधात गाळ किती बसला, देखभालीच्या खात्यात किती पैसे आहेत आणि शेवटची सही कधीची आहे, समितीच्या वहीत बैठकीला बायकांचे अंगठे-सह्या येतात का, एवढं बघितलंस तरी पुष्कळ उलगडेल.

एका मापानं यश आणि दुसऱ्यानं नाही, असं झालं तर घाबरू नकोस, दोन्ही लिही. ओडिशाचंच बघ. तिथे 1999 च्या महाचक्रीवादळात जवळपास दहा हजार माणसं गेली. 2013 मध्ये फायलिन आलं तेव्हा आधीच लाखो लोकांना हलवलं होतं, मृत्यू पन्नासच्या आत राहिले. हे फार मोठं यश आहे, ते ठणकावून सांगायला हवं. पण त्याच फायलिनमध्ये घरं आणि उभी पिकं प्रचंड गेली. जीव वाचवणं त्यांना साधलं होतं, संसार वाचवणं अजून बाकी होतं. दोन्ही आकडे लिहिले गेले म्हणून पुढचं काम कुठे करायचं ते कळतं. वरचे अधिकारी चांगल्यालाच धरून बसतात, तेव्हा न साधलेलं काम परिशिष्टात ढकलू नकोस. पहिल्या दोन पानांतच, कारणासकट घाल.

म्हातारी माणसं तुला सांगतील, ‘बहात्तरच्या दुष्काळात धान्य नव्हतं पण विहिरीला पाणी होतं, आता धान्य आहे पण पाणी नाही.’ नीट लिहून घे. दुष्काळ जसा बदलला तसं मापही बदलावं लागेल. काल ज्या खोलीवर पाणी लागायचं तिथे परत जाणं हेच यश धरशील तर कदाचित ते कधीच येणार नाही, कारण पावसाचे खंड लांबतायत आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. खंड पडल्यावर पिकं किती दिवस तग धरतात, दुबार पेरणी किती घरांना करावी लागली, असं मोज.

अहवाल वर पाठवण्याआधी ग्रामसभेत सगळे आकडे मोठ्यानं वाचून दाखव. लोक भांडतील, ‘त्या विहिरीचं माप चुकलंय, तिला आडवा बोअर मारलाय’ असं कोणीतरी सांगेल, ती दुरुस्ती तिथल्या तिथे वहीत कर. मग त्या वहीच्या दोन प्रती काढ, एक ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेव, पुठ्ठा घालून, कठड्यांवरच्या खुणांच्या नकाशासकट. पुढच्या दुष्काळात तुझ्या जागी जी कोणी येईल तिला आधीचे आकडे तिथेच मिळायला हवेत.

तुझी,
मावशी