दाखला ब्लॉकचेनवर: आपल्या धंद्यासाठी धडा

आजच्या व्हिडिओतला मुद्दा थोडक्यात.

२०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत ६५,००० जात प्रमाणपत्रं पॉलिगॉन ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम सरकारने हाती घेतलं. कशासाठी? बनावट दाखला लगेच पकडता यावा म्हणून. दाखल्याचा डिजिटल ठसा, म्हणजे हॅश, चेनवर राहतो. नंतर दाखल्यात एक अक्षर जरी बदललं, तरी ठसा जुळत नाही.

पण मुळातच चुकीची माहिती भरली, तर चेन ती चूकही तशीच जपते!

म्हणून कोणी "तुमची वॉरंटी कार्डं ब्लॉकचेनवर टाकून देतो" म्हणाला, तर पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा. नोंदीआधी माहिती तपासणार कोण? माझा ग्राहक ती स्वतः, फुकटात पडताळू शकेल का?

उत्तर गोलमोल आलं, तर आपलं साधं बिलबुकच बरं.