वारंवार निखळणारा खांदा आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

अस्थिरोग विभागात येणाऱ्या तरुण रुग्णांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो : ‘खांदा पुन्हा सरकला.’ प्रथम कबड्डीच्या मैदानावर किंवा दुचाकीवरून पडून निखळलेला खांदा पुढे सदरा घालताना, बसचा दांडा धरताना, झोपेत कूस बदलतानाही निखळू लागतो. वेदनेपेक्षा भीती मोठी होते. ज्याची भाकरी हात उंचावून करावयाच्या कामावर अवलंबून आहे, त्याचा रोजगारच धोक्यात येतो.

खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात. परंतु ही उखळ अत्यंत उथळ असते. बशीत चेंडू ठेवावा तसे दंडाच्या हाडाचे गोल डोके तिच्यावर टेकलेले असते. उखळीच्या काठाची कूर्चेची कड व तिला जोडलेले अस्थिबंध त्याला जागेवर धरून ठेवतात. खांदा पुढे निखळला की ही कड बहुधा हाडापासून सुटते. लंडनचे शल्यविशारद ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या दुखापतीचे महत्त्व मांडले. सुटलेली कड अनेकदा योग्य जागी जुळत नाही. म्हणूनच खांदा पुन:पुन्हा निखळतो. विशीच्या आतील रुग्णांत हा धोका सर्वाधिक असतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत भूल देऊन खांद्याला सुमारे एक सेंटिमीटरची दोन-तीन छिद्रे पाडतात. सलाइनने सांधा फुगवून, पडद्यावर पाहत, उखळीच्या काठात बारीक अँकर बसवितात व त्यांच्या धाग्यांनी कड पुन्हा हाडाशी बांधतात. मोठा छेद टळतो, व्रण लहान राहतो.

तथापि ही शस्त्रक्रिया सर्वांसाठी नव्हे. जन्मत: सांधे सैल असणाऱ्यांना प्रथम व्यायामाचाच उपचार देतात. अपस्माराच्या झटक्याने खांदा निखळत असेल, तर आधी झटके आटोक्यात आणावे लागतात. उखळीचे हाड फार झिजले असल्यास केवळ कड बांधून भागत नाही. तेथे हाडाचा तुकडा बसविण्याची, लातार्जे यांनी १९५४ मध्ये सांगितलेली पद्धत विचारात घ्यावी लागते. यासाठीच एक्स-रे, एमआरआय व गरजेनुसार सीटी स्कॅन आधी करतात.

कुटुंबीयांना आमची विनंती आहे. निखळलेला खांदा घरी ओढून बसवू नका. नस दुखावण्याचा वा हाड मोडण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात झोळीत ठेवणे आणि पुढे भौतिकोपचार नियमित करणे आवश्यक आहे. दुखणे थांबले म्हणजे सांधा भरून आला असे नव्हे. ओझी उचलण्याची घाई करू नये. कबड्डीसारख्या खेळास साधारणत: सहा महिने थांबावे लागते. एवढे करूनही काही रुग्णांत खांदा पुन्हा निखळू शकतो, हे आम्ही आधीच स्पष्ट सांगतो.

अँकर व दुर्बिणीच्या उपकरणांमुळे हा उपचार खर्चिक ठरतो. गरजू तरुणाचा कामाचा हात त्याला परत मिळावा, यासाठी देणगीदारांचे साहाय्य मोलाचे आहे.