वायू व्हायला हवं होतं ते पाणी

भाची: मावशी, पाण्याचं एवढं कौतुक कशाला? दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. याहून साधा रेणू शोधून सापडायचा नाही.

मावशी: साधा आहे म्हणूनच कोडं पडतं. पाण्याचा रेणुभार 18. हवेतला नायट्रोजन 28, ऑक्सिजन 32; दोघेही जड, तरी वायू. पाण्याचा सख्खा चुलतभाऊ म्हणावा असा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा, 34 भाराचा, तो उणे 60 अंशांनाच उकळतो. या हिशेबाने पाणी वाफ होऊनच फिरायला हवं. ते पेल्यात बसतं ते त्याच्या वाकडेपणामुळे. त्याचे दोन हायड्रोजन समोरासमोर नसून सुमारे 104.5 अंशांच्या कोनात असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्याच्या बाजूला थोडा ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन भार येतो. मग एकाचा हायड्रोजन शेजाऱ्याच्या ऑक्सिजनला धरतो. हाच हायड्रोजन बंध. पाण्याच्या बहुतेक तऱ्हा मला या धरण्यातूनच निघालेल्या दिसतात.

भाची: पण हा बंध फार कच्चा असतो ना? क्षणात तुटतो.

मावशी: तुटतोच, सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकाही टिकत नाही. पण लगेच दुसऱ्याशी जुळतो, आणि उपयोग होतो तो या कच्चेपणाचाच. बंध पक्का असता तर पाणी दगडासारखं घट्ट झालं असतं. दगडात पेशीची कसली हालचाल? शिवाय पाण्याला दिलेली बरीच उष्णता हे बंध सोडवण्यात खर्ची पडते. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे 540 कॅलरी लागतात. घाम वाळला की अंग निवतं, माठ पाझरला की आतलं पाणी गार होतं, ते याच खर्चापायी.

भाची: मग जीवांना पाण्याऐवजी अमोनिया का चालू नये? त्यातही हायड्रोजन बंध असतात.

मावशी: शंका रास्त आहे. अमोनियाकडे हायड्रोजन तीन, पण शेजाऱ्याचा हायड्रोजन धरायला इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी एकच. पाण्याकडे दोन नि दोन, जमाखर्च चोख! म्हणून अमोनिया उणे 33 अंशांनाच उकळतो. पाणी गोठतं तेव्हा प्रत्येक रेणू चौघांना धरून, पण अंतर राखून बसतो. बर्फ सुमारे 9 टक्के जास्त जागा घेतो आणि तरंगतो. थंड प्रदेशातली तळी वरून गोठतात, तळाशी 4 अंशांचं, सर्वांत जड पाणी द्रवच राहतं, मासे तगतात. घन अमोनिया मात्र द्रव अमोनियात बुडतो.

भाची: जीव पाण्यातच घडले, म्हणून आपल्याला पाणी सोयीचं वाटतं, असं नाही का?

मावशी: काही अंशी तसंच. पाणी जीवांसाठी बेतलेलं आहे असं मी म्हणणार नाही. पण मासे आले म्हणून बर्फ तरंगू लागला नाही. तो गुण आधीचा. आणि पाणी सगळं विरघळवतं ही स्तुतीही मला अर्धवट वाटते. मिठाला ते लगेच आपलंसं करतं, तेलाला नाही. पेशीपटलातले स्निग्ध रेणू पाणी टाळायला आपल्या शेपट्या आत वळवून दोन थरांत उभे राहतात, आणि पटल आपोआप जुळतं. तेही विरघळलं असतं, तर पेशीला आत आणि बाहेर उरलंच नसतं.