शेंदाडानं नासवलेलं वाळूक

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या आणि वाळकाचं बी माझ्या हाती आलं. पिकलं की आपोआप उकलणारं, पिठूळ गराचं, घरभर वास सुटणारं वाळूक. साखऱ्याच्या आमच्या रानात पहिला पाऊस झाला की तुरीच्या तासात हे बी टाकायचं, ही त्यांची रीत. मी दोन वर्षांत ते नासवलं.

पहिल्या साली बांध खुरपायचा राहिला आणि त्यावर रानटी, कडू शेंदाडाचे वेल माजले. वाळकं मात्र गोड निघाली, म्हणून मी निर्धास्तपणे बी धरलं. पुढच्या साली पहिलं कोवळं वाळूक चिरून तोंडात टाकलं आणि जीभ कडूजहर झाली. १४ वेलांपैकी ९ कडू. मी खताला दोष दिला, पावसाला दिला. दोष बियात होता.

शेंदाड आणि वाळूक एकाच कुळातले, मधमाशी एकाचा पराग दुसऱ्यावर नेते. त्या साली फळाला काही होत नाही, कारण गर आईवेलाचा असतो. बिघाड बियात बसतो आणि पुढच्या साली उगवतो. म्हणून फळ गोड निघालं एवढ्यावर वेलाचं बी धरू नका. चवळी, टोमॅटो, अगदी गच्चीवरच्या कुंडीतलं लेट्यूससुद्धा बहुतेक स्वतःच्याच परागावर बी धरतं. तिथं एवढी धास्ती नाही. दुधी, दोडका, काकडी, वाळूक यांचं तसं नाही. आणि कडू निघालेलं फळ भाजीत घालू नका, शिजवून त्यातलं विष जात नाही. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा जीव गेला होता.

आता मधमाशी शिरू नये म्हणून मी फूल बांधते. मागं इवलं वाळूक असलेली, उद्या उमलेल अशी कळी संध्याकाळी हेरायची. ती आणि नराची एक कळी दोऱ्यानं अलगद बांधायची. सकाळी नराचं फूल तोडून, पाकळ्या काढून, मादीच्या फुलात फिरवायचं, पुन्हा दोरा बांधायचा आणि देठाला लाल चिंधी. दहा फुलं बांधली की माझी दोन-तीनच धरतात, पण बियाला तेवढी पुरतात. चिंधीचं फळ वेलावरच पुरतं पिकू द्यायचं. तोडायचा मोह घरातल्या सगळ्यांना होतो, आधीच सांगून ठेवा.

आत्याबाई बी राखेत घोळून शेणात थापायच्या आणि ती थापी भिंतीला चिकटवायच्या. आमच्या भिंती सिमेंटच्या झाल्या. मी दमट बी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि त्याला बुरशी आली. आता सावलीत वाळवते, बी वाकवल्यावर कट्कन मोडलं तरच राख घालून बरणीत. मृगाआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघते. सातांना मोड आले तर ते बी पेरायचं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, २०२० च्या पद्मश्री, बी नेणाऱ्याकडून दुप्पट परत घेतात. त्यामागचं शहाणपण मला माझं बी गेल्यावर कळलं. आत्याबाईंनी लग्नात नणंदेला वाळकाचं बी दिलं होतं. तिच्या गोठ्याच्या कुडाला शेणाची थापी अजून चिकटलेली होती. नणंदेनं विळ्यानं ती उचकटली, अर्धी मोडून माझ्या पदरात टाकली. यंदा त्यातलंच बी मी गल्लीतल्या तीन घरांत दिलंय, आणि बांध आधी खुरपलाय.