परवाना आपला, मग मोबाइल नंबर एजंटाचा का?

जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या पाचकंदील भागात दुकान थाटणारा माणूस भांडवलाचा हिशेब महिनोन्‌महिने करतो. माल कोठून उचलावा, उधारी कोणाला द्यावी, भाडे किती परवडेल, हे सारे त्याला तोंडपाठ असते. परंतु दुकानाच्या कागदांविषयी विचारले की उत्तर ठरलेले असते, "ते आमचा एजंट पाहतो." परवाना देण्याची सरकारी पद्धत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पार बदलली. दुकानदाराची सवय मात्र बदललेली नाही. या सवयीमुळे चालता धंदा अडचणीत येऊ शकतो, म्हणून या लेखात आम्ही हा विषय धड्यासारखा मांडत आहोत.

खिडकी कशी बदलली?

पूर्वी परवाना म्हणजे नगरपालिकेची एक खिडकी, एक कारकून आणि एक जाडजूड रजिस्टर. अर्ज कोठे अडला हे फक्त कारकुनालाच ठाऊक. आपल्या राज्यात या पद्धतीला पहिला मोठा धक्का कल्याण-डोंबिवली महापालिकेने दिला. तेथे २००२ मध्ये नागरी सुविधा केंद्र सुरू झाले आणि अनेक विभागांचे अर्ज एकाच ठिकाणी संगणकावर घेतले जाऊ लागले. पुढे राज्य सरकारने हाच नमुना इतर नगरपालिका व महापालिकांसाठी स्वीकारला.

खान्देशात २००३ साली दुसरा बदल झाला. त्या वर्षी जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका झाल्या. त्यामुळे व्यवसाय परवान्यांचा कारभार १९६५ च्या नगरपालिका कायद्यातून निघून १९४९ च्या महापालिका कायद्याखाली आला. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम लागू झाला आणि 'आपले सरकार' या संकेतस्थळावरून अर्ज करण्याची सोय झाली. आता अर्जाला क्रमांक मिळतो आणि तो कोणत्या टेबलावर आहे हे घरबसल्या पाहता येते. थोडक्यात, जे पूर्वी फक्त कारकुनाला ठाऊक असे ते आता अर्जदाराला कळू शकते. अट एवढीच की अर्ज त्याच्या स्वतःच्या नंबरावर नोंदलेला असावा.

कोणता कागद कोणाकडून?

आपल्याकडे सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. "माझ्याकडे लायसन्स आहे" असे सांगणाऱ्याकडे नेमका कोणता कागद आहे, हे त्यालाच माहीत नसते. प्रत्येक कागदाचा कायदा वेगळा आणि कचेरीही वेगळी.

पहिला कागद गुमास्ता, म्हणजेच शॉप अ‍ॅक्टचा दाखला. १९४८ च्या जुन्या कायद्यात त्याचे नूतनीकरण करावे लागे. १९ डिसेंबर २०१७ पासून नवा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा लागू झाला. त्यात १० पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीची सक्ती राहिली नाही. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, एवढेच उरले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा १० वरून २० कामगारांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. म्हणून अर्ज भरताना त्या दिवशी कोणती मर्यादा लागू आहे ते पाहून घ्यावे. मुंबईत हे काम महापालिका करते, आपल्या जिल्ह्यांत ते कामगार विभागाकडे आहे. नव्या कायद्याने 'निरीक्षक' हे पद काढून त्या जागी 'सुविधाकार' हे पद आणले. नाव बदलले म्हणून वागणूक आपोआप बदलत नाही. तरीही मार्गदर्शन करणे हे त्याचे काम ठरले आहे आणि ते मागण्याचा हक्क दुकानदाराला आहे.

दुसरा कागद महापालिकेचा व्यवसाय परवाना. तो सर्वांना लागत नाही. महापालिका कायद्याच्या कलम ३७६ नुसार ज्या मालामुळे किंवा कामामुळे जिवाला, आरोग्याला वा मालमत्तेला धोका किंवा शेजाऱ्यांना उपद्रव होऊ शकतो, त्यासाठी हा परवाना घ्यावा लागतो. लाकडाची वखार, ज्वलनशील मालाचे गोदाम, भट्टी लावून चालणारे कारखाने ही त्याची नेहमीची उदाहरणे. कलम ३८६ प्रमाणे परवान्यावर मुदत, अटी आणि शुल्क लिहिलेले असले पाहिजे. गुमास्त्याची पावती हातात आहे म्हणून हा परवाना लागत नाही, अशी समजूत करून घेऊ नये.

तिसरा कागद अन्नपदार्थांच्या धंद्याचा. किराणा, बेकरी, हॉटेल, मटण-चिकनचे दुकान, भजी-वड्याची गाडी, हे सारे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात येतात. या कायद्याखाली २०११ मध्ये आलेल्या नियमांनी १२ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला साधी नोंदणी आणि त्यावर परवाना, अशी रेषा आखली. या रकमा आणि मुदती सरकार वेळोवेळी बदलते. तेव्हा जुन्या कागदावर विसंबून न राहता अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत खात्री करावी.

चौथा कागद उद्यम नोंदणीचा. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही बँकेच्या अग्रक्रम कर्जासाठी तिचा उपयोग करता येऊ लागला. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' गणला जातो. म्हणजे धुळ्याचा लहान यंत्रमागधारक आणि जळगावचा बहुतेक प्रत्येक लहान कारखानदार यात बसतो. या मोफत नोंदणीसाठी शुल्क मागणारी खासगी संकेतस्थळे सरकारी असल्याचा भास निर्माण करतात. त्यांपासून सावध राहावे.

यातला कोणताही कागद जागेच्या मालकीचा पुरावा ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे. जागेचा भाडेकरार, कराची पावती, वारसाची नोंद हे कागद वेगळे सांभाळावे लागतात. जळगावात महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील अनेक गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ मध्ये संपली आणि त्यावरून गाळेधारक व महापालिका यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. दुकान चालू असणे आणि दुकानाचा कागद चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वादाने दाखवून दिले.

मुदत पाळणे हा कायदा आहे

लोकसेवा हक्क कायदा बहुतेकांनी नुसता ऐकलेला असतो. त्याचा अर्थ साधा आहे. ज्या सेवा सरकारने या कायद्याखाली जाहीर केल्या आहेत, त्या ठरलेल्या दिवसांत देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. सेवांची यादी, लागणारे कागद, शुल्क, दिवसांची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद, हे सर्व कचेरीच्या फलकावर लावलेले असले पाहिजे. आपल्याला हवी ती सेवा यादीत आहे काय, हे आधी तेथेच पाहावे.

अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते. नाकारला किंवा मुदत उलटली, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. त्यानंतर दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. पुरेसे कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, परंतु दंडाची नोंद कोणत्याही अधिकाऱ्याला नकोशी असते.

यात एक मेख आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. मुदत मोजली जाते ती सर्व कागदांनिशी परिपूर्ण अर्ज मिळाल्याच्या दिवसापासून. एक कागद कमी असला किंवा नाव जुळले नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही. मग मुदतीचा हक्क असूनही तो वापरता येत नाही.

नावाची अडचण

नाव न जुळण्याचा त्रास आपल्या समाजात फार आहे. खान्देशात 'शेख अमुक शेख तमुक' अशी नावे लिहिण्याची जुनी रीत आहे. माणूस वाचतो तेव्हा त्याला कळते की पहिला भाग मुलाचा आणि दुसरा वडिलांचा. संगणकाला ते कळत नाही. तो आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव असे तीन वेगळे रकाने मागतो. आधारवर 'शेख' आधी, पॅनवर शेवटी, वीजबिलावर नुसते 'शे.' असे असले की तो एकाच माणसाची तीन माणसे करतो. तीच गत 'मोहम्मद'ची. कोठे पूर्ण, कोठे 'मो.', कोठे 'मोहंमद', आणि इंग्रजीत आणखी चार तऱ्हा. स्त्रियांच्या नावावर दुकान असेल तर माहेरचे नाव, सासरचे नाव आणि 'बी', 'बानो', 'बेगम' यांची भर पडते.

यावर उपाय एकच. प्रथम आधार आणि पॅन यांवरील नाव अक्षरशः एक करून घ्यावे. बाकी कागद त्यांच्याबरहुकूम दुरुस्त करावेत. हे काम परवान्याच्या अर्जाआधी करावयाचे आहे. अर्ज अडकल्यावर धावाधाव केली तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

नंबर कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ऑनलाइन व्यवस्थेत अर्जदाराची ओळख त्याच्या मोबाइल नंबरावरून पटते. संकेतांक त्याच नंबरावर येतो, त्रुटीचा निरोप आणि नूतनीकरणाची आठवण बहुधा तेथेच पोहोचते. एजंटने घाईत किंवा मुद्दाम आपला नंबर टाकला, तर हे सारे त्याच्या खिशात जाते. दुकानदार समजतो की सर्व ठीक आहे. इकडे परवान्याची मुदत संपलेली असते किंवा त्रुटी दूर न केल्याने अर्ज निकाली निघालेला असतो. एजंटशी बिनसले, त्याने गाव सोडले किंवा तो वारला, तर स्वतःच्याच परवान्याचे दार उघडत नाही. बँक कर्जासाठी कागद मागते किंवा तपासणीला कोणी दारात येते, तेव्हा हे उघडकीस येते. त्या दिवसाचे नुकसान एजंट भरून देत नाही.

एजंट वाईटच असतो असे आम्हाला म्हणावयाचे नाही. ज्याला वेळ नाही किंवा वाचता येत नाही, त्याने मेहनताना देऊन मदत जरूर घ्यावी. मात्र हातांची मदत घ्यावी, किल्ली देऊ नये.

हातगाडी व पथारीवाल्यांसाठी

ज्यांचे दुकान म्हणजे चार चाके, त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत पथविक्रेत्याला हटवू नये, अशी तरतूद त्यात आहे. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावेत, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व मिळावे, असेही कायदा सांगतो. फळगाडीवाल्याने सर्वेक्षणाच्या दिवशी गैरहजर राहणे म्हणजे हा हक्क हातचा घालवणे होय. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते. २०२५ मध्ये ते १५,००० करण्यात आले. त्यासाठीही प्रमाणपत्र किंवा महापालिकेची शिफारस लागते.

या आठवड्यात करण्यासारखे

१) आपले सर्व दाखले काढून एका वहीत लिहावेत: कागदाचे नाव, क्रमांक, कचेरी, मुदत.

२) प्रत्येक संकेतस्थळावर कोणता मोबाइल नंबर व ई-मेल नोंदलेला आहे ते तपासावे. दुसऱ्याचा असल्यास लगेच बदलून घ्यावा.

३) आधार, पॅन, वीजबिल व भाडेकरार शेजारी ठेवून नावे अक्षर-अक्षर पडताळावीत.

४) अर्ज केल्यावर पोचपावती घेतल्याशिवाय उठू नये. तिच्यावरची तारीख आणि मुदत वहीत लिहावी. मुदत संपल्यावर अपिलाचे ३० दिवस तेथूनच मोजायचे आहेत.

५) शुल्काची पावती स्वतःच्या नावाची घ्यावी. एजंटचा मेहनताना आणि सरकारी शुल्क वेगळे लिहून मागावे.

६) दुकानाची पाटी पाहावी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर १० पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी सक्तीची झाली. उर्दू वा इंग्रजी नाव सोबत लिहिता येते, पण मराठी अक्षर त्याहून लहान नसावे.

ही सहा कामे एका दुपारी होण्यासारखी आहेत. ज्यांना मोबाइलवर हे जमत नाही त्यांनी घरातील शिकत्या मुला-मुलींना शेजारी बसवावे. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला हे सहज जमते आणि बापाचा धंदा कोणत्या कागदांवर उभा आहे हे त्यालाही कळते. बाजारपेठेतील व्यापारी संघटनांनी महिन्यातून एक दिवस असे मार्गदर्शन ठेवले तर अनेकांचा एजंटवरचा खर्च वाचेल. सरकारने खिडकी बदलली आहे. तिच्यापुढे स्वतः जाऊन उभे राहण्याचे काम मात्र दुकानदारालाच करावे लागेल.